सुखडीचा डबा

जेतपूर, रविवार

प्रिय कैलासबेन,

पत्र पाहून तुम्ही आधी घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: तुमची भाची ढिंगली जिवंत आहे, माझ्या मांडीशी झोपली आहे आणि तिचं वजन वाढतंय. आता श्वास घ्या आणि पुढचं सावकाश वाचा. वजनाचं बांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच असणार, आई आहे ना तुमची. त्यांना हल्ली दुसरं काही सुचत नाही. शेजारच्या समजुबेनला सांगून झालं, भाजीवाल्याला सांगून झालं, नळाला पाणी सोडणाऱ्या माणसालासुद्धा सांगून झालं. हे सगळं मी फोनवरच बोलले असते, पण आपल्या घरातला फोन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. खोली एक आणि बांचे कान सगळीकडे. "कैलास आहे का? मला दे, मला दे," करत त्या फोन ओढून घेतात, आणि तुम्हीही "भाभीला कशाला त्रास" म्हणून त्यांच्याशीच बोलून ठेवून देता. म्हणून लिहायला बसले. तुमच्या भावाला सांगून लिहिते आहे, बांना न सांगता.

गळथुथीच्या, तिला गूळ-तूप चाटवलं त्या दिवसापासून सांगते, कारण तुम्ही संध्याकाळच्या बसने सुरतेला निघालात आणि पुढचं तुम्हाला सगळं उडत उडतच कळलं. ढिंगलीला दवाखान्यातून घरी आणून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. सातव्या महिन्यात जन्मलेलं पोर काचेच्या पेटीतून बाहेर आलं, नाकातली नळी निघाली, यावरच आम्ही खूश होतो. तिला पाजणं काय होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. वाटीच्या काठाने एक थेंब ओठावर सोडायचा, थांबायचं, ओठ निळे पडत नाहीत ना ते बघायचं, मग दुसरा थेंब. एवढीशी वाटी संपेपर्यंत पुढच्या पाजण्याची वेळ व्हायची, आणि त्यातलं अर्धं दूध माझ्या साडीवर. तुमचे भाऊ कारखान्यातून येतात तेव्हा त्यांची बोटं साड्यांच्या रंगानं निळी असतात. तो निळा रंग पाहिला की मी आधी तिचे ओठ बघायची. मग ते बिचारे दाराबाहेरच दगडावर हात घासत बसायचे, कातडं निघेपर्यंत. राजकोटला दाखवायला न्यायचं तर वजनाचा काटा तिथल्या तिथे. डॉक्टर काट्याकडे बघायच्या आणि मी डॉक्टरांच्या तोंडाकडे.

तशात बांना ते सुचलं. "अगं, गळथुथीच दिली नाही पोरीला! जन्मली तशी पेटीत घातली, नळीनं पाजली. चव काय असते ते तिला माहीतच नाही, तर पिणार कशी?" आणि गळथुथी ज्याच्या हातची, त्याचा गुण पोराला लागतो, म्हणून घरात कोण बरं चांगलं खातं याचा विचार त्यांना करावाच लागला नाही. "कैलासला बोलाव. तापाने फणफणली असतानाही ताट पुसून खायची माझी कैलास." तुम्हीच किती हसलात तेव्हा! बाजरीचे चार रोटले, त्यावर भाजल्या वांग्याचा ओळो, त्यावर लोटाभर ताक, आणि मग "गोड काय आहे?" असं विचारणारी नणंद मला मिळाली याचं माझ्या माहेरी अजून कौतुक आहे. माझ्या लग्नात वाढपी तुमच्या समोरून मान खाली घालून पळायचे. गूळ-तुपाच्या सुखडीचं ताट तर तुम्ही स्वतःच्या मांडीवरच घेऊन बसला होतात. तर त्या दिवशी तुम्ही दोनदा साबणाने हात धुतलेत, नखं कापलीत, गूळ तुपात कालवलात आणि बोटाचं टोक तिच्या जिभेला लावलंत. आणि तिने ओठ चाटले. आठवतं? जन्मापासून पहिल्यांदा तिने आपणहून ओठ चाटले. बांनी टाळ्या वाजवल्या, तुमच्या डोळ्यांना धारा लागल्या. काही झालं तरी त्या वेळचं तिचं तोंड मला विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला ताप भरला आणि छाती वाजायला लागली. राजकोटला पोचेपर्यंत तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. छातीत कफ झाला, पुन्हा नळ्या, पुन्हा ती पेटी. नात्यातल्या घाटकाकी भेटायला आल्या आणि दाराशीच म्हणाल्या, "फोईची गळथुथी नडली, आत्याचा हात बाधला." बा भिंतीकडे तोंड करून माळ ओढत बसल्या. मीही त्या दिवसांत तुम्हाला मनातल्या मनात नको ते बोलले, खोटं कशाला लिहू? तुम्हाला आमच्यापैकी कुणी काही कळवलं नाही, पण आपल्या नात्यागोत्यात असलं बोलणं बसचं तिकीट न काढताच सुरतेला पोचतं. मग बांकडून कळलं की तुम्ही खोडियारमाच्या देवळात जाऊन नवस बोललात. "पोर तोंडानं पोटभर दूध पिईपर्यंत गूळ खाणार नाही, एकच वेळ जेवेन, आणि तोवर तिला माझं तोंड दाखवणार नाही, नाव ठेवायलासुद्धा येणार नाही." नाव फोईनंच ठेवायचं, ती येईना म्हणून पोरीला नाव नाही, नुसतं लाडाचं ढिंगली, बाहुली. दवाखान्यात अजून "रसिलाची बेबी" म्हणूनच पुकारा होतो आणि मी उठून उभी राहते.

आता जे सांगते ते नीट ऐका. छाती बरी झाल्यावर डॉक्टरांनी दुधात कसलंसं औषध कालवून तिला एक्स-रेच्या यंत्रासमोर माझ्याच हातून पाजायला लावलं. समोर पडदा होता. दूध घशातून उतरताना काळ्या रेघेसारखं दिसत होतं. रेघ गळ्यापर्यंत सरळ आली आणि जिथे पोटाकडे वळायची तिथे थोडी छातीकडे गेली. दुसरा थेंब, तसंच. तिसरा, तसंच. आणि पोर खोकली नाही, ठसकली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, हे कधीपासून? डॉक्टरबेन म्हणाल्या, "पहिल्यापासून. जन्मल्यावर मेंदूत रक्त साकळलं होतं ना, तेव्हापासून गिळण्याचा हुकूमच घशापर्यंत पोचत नाही. थेंब थेंब छातीत जातच होता." मी गळथुथीचं विचारलं. त्या म्हणाल्या, बोटाला लागलेल्या गुळानं इतकं होत नाही, हे रोजच्या दुधानं साठत आलेलं आहे. रोजचं दूध म्हणजे माझं दूध, कैलासबेन. माझ्या हातचं. तुमचं बोट बिचारं त्या दिवशी नेमकं तिथे होतं, एवढंच. हे मी घरी येऊन सांगितलं, पण बांनी कान झाडले. घाटकाकींनी तर "डॉक्टर काय, काहीही सांगतात" म्हणून विषय संपवला.

त्यानंतर काय काय केलं त्याची गणती नाही. तोंडाचे व्यायाम शिकवणारी एक बाई आहे तिथे, फार मायाळू. गालावरून बोट कसं फिरवायचं, हिरड्या कशा चोळायच्या, कोरडी चोखणी कशी द्यायची, सगळं शिकवलं. मी सगळं केलं. बाकावर शेजारी बसणाऱ्या बायांची पोरं एकेक करून प्यायला लागली, बसायला लागली, त्यांचं येणं बंद झालं. मी आणि धोराजीची हमीदा, आम्ही दोघीच जुन्या उरलो. मग मागच्या महिन्यात हमीदाही यायची थांबली, आणि तिचं का थांबलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. ढिंगलीचे डोळे तपासले, चांगले आहेत. कान तपासले, चांगले आहेत. हेच मला सोसवत नाही. तिला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. आम्ही जेवायला बसलो की ती ताटाकडे बघते. तुमच्या भावाने हल्ली दाराकडे तोंड करून जेवायला सुरुवात केली आहे. मी शेगडीशी पाठमोरी उभी राहून खाते, चोरी केल्यासारखी.

दिवाळीनंतर पोटाला भोक पाडून नळी बसवली, ते तुम्हाला माहीत आहे. आता मी पिचकारीची नळी उंच धरते आणि दूध आपोआप खाली उतरतं. टाकीत पाणी भरावं तसं. तिचं पोट भरतं आणि तोंडाला पत्ता नसतो. मी तिला पाजत नाही, भरते. गाल भरलेत, मांड्यांना वळ्या पडल्यात, सगळे म्हणतात रसिला, आता तरी हस. मला रडूही येत नाही आणि हसूही येत नाही. सकाळी जाग आली की पहिला विचार येतो की आज पुन्हा हे सगळं करायचं. आईनं असं लिहू नये. पण तुम्हाला नाही तर कुणाला लिहू? शेगडीवर दूध ठेवलं की वासाने तिची जीभ अजून बाहेर येते, आणि मी शेगडी बंद करते.

बांना मात्र वाटतं की हे तुमच्या नवसानं झालं. "बघ, कैलासचा एक वेळ जेवण्याचा एकटाणा फळला. आज नळीनं घेते, उद्या वाटीनं घेईल, परवा रोटला मागेल." तुम्हाला फोनवर त्या हेच सांगतात, सोडू नकोस, सोडू नकोस, आता थोडंच राहिलंय. आणि तुम्ही त्या भरात भातही सोडलात म्हणे. बांना मी घरी पोरीजवळ एकटं बसू देत नाही, त्यांचं बोट कधी गुळात बुडेल याचा भरवसा नाही, पण त्यांच्यावर मला ओरडवतही नाही. त्या प्रेमानंच करतात सगळं. प्रेमाला काय करायचं तेच कळेनासं झालंय या घरात.

परवा जावई अशोककुमारांचा फोन तुमच्या भावाला कारखान्यात आला. तुम्ही जिन्यात चक्कर येऊन पडलात, कपाळाला टाके पडले, तुमचे ब्लाउज निम्म्याने आत घ्यावे लागलेत, मुलांसमोर ताट वाढून तुम्ही नुसत्या बसून राहता, असं म्हणत तो माणूस फोनवर रडला. त्याच आठवड्यात आम्ही राजकोटला दाखवायला गेलो होतो, आणि डॉक्टरबेननी आम्हा दोघांना आत बसवून दार लावून घेतलं होतं. ते बांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण त्यासाठीच हे पत्र आहे. ढिंगली तोंडानं जेवणार नाही, कैलासबेन. आज नाही, उद्या नाही, मोठी झाल्यावरही बहुतेक नाही. "तोंडाची वाट बघत बसू नका," असं त्या म्हणाल्या. म्हणजे तुमच्या नवसाला शेवटच नाही. तुमचा गुण तिला लागायचा होता, तर तिचाच तुम्हाला लागला. एक न जेवणारी माझ्या मांडीवर आहे, ती मी कशीबशी सांभाळते, दुसरी सुरतेत नको. मी काल खोडियारमाच्या तसबिरीसमोर बसून सांगितलं की या नवसाचं जे काही देणं-घेणं असेल ते माझ्या पदरात घाल, माझ्या नणंदेला मोकळं कर. सोबत सुखडी पाठवते आहे, तुमचे भाऊ सुरतेच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतील. गूळ जास्तच घातलाय, तुम्हाला आवडतो तसा. ती ढवळताना ढिंगलीला कडेवर घेतलं होतं, आणि वासाने तिची जीभ बाहेर आली तरी या वेळी मी शेगडी बंद केली नाही. तिच्या वाटणीचीही तुम्हीच खा. मग या, आणि तिला नाव ठेवा. बाईमाणसाचा डबा रिकामा परत करू नये, हे मला कळतं. पण या वेळी चिमूटभर साखरसुद्धा घालू नका. मला तो रिकामाच हवा आहे.

तुमचीच भाभी,
रसिला