सायलेन्सरची मोटर

बाबा,

सायलेन्सरची झडप फिरवणारी मोटर अडकली होती, म्हणून तुमची बाईक धाप टाकत होती. दादा येऊन बघेल म्हणालात, पण तीन रविवार तो फिरकला नाही. शेवटी आज सकाळी मीच बसले. सीट काढली, दोन्ही केबल सोडवल्या, मोटर बाहेर घेतली. बोटं सोलवटली. तुम्ही दारातून एवढंच म्हणालात, "आधी दादाला विचार."

झडप उघडीच बांधून ठेवलीय. मीटरवर पिवळा दिवा लागेल, घाबरू नका, गाडी मस्त पळतेय. मोटर फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलीय.

मी कामावर निघाले. शेजारच्या काकांना तुम्ही सांगालच की मुलाने गाडी दुरुस्त केली. सांगा. फक्त मी घरी यायच्या आत सांगून घ्या.

धाकटी