वाण काय देणार?

शुक्रवार, संध्याकाळ

रविवारी माझ्या मसाल्यांची ओळख व्हावी म्हणून गिरगावातल्या आमच्या वाडीत हळदीकुंकू ठेवलंय. शेजारच्या सुनंदावहिनींचं आठवडाभर एकच, "वाण काय देणार गं?" एवढी चौकशी कशाला? वहिनींची बहीण दादरला मसालेच विकते! मग मुद्दाम थाप मारली, "स्टीलची वाटी." गोड्या मसाल्याची पुडी देणार, हे फक्त नवऱ्याला सांगितलं.

आज त्या बहिणीच्या हळदीकुंकवाचा मेसेज आला. तोही रविवारचाच. आणि वाण? गोड्या मसाल्याची पुडी! वाटी नाही, पुडी.

जेवताना ह्यांना सहज विचारलं, "वाण बदलू का हो?"

हे आमटी भुरकत म्हणाले, "मग वाटीच दे की. वहिनींना तेच सांगितलंयस ना?"

वाटीचं मी ह्यांना सांगितलंच नव्हतं.