थपडेच्या आधीचा आवाज

३ मार्च, सोमवार

नवी मालिका आली. कोरियन. सक्तीची लष्करसेवा, बराकीतला छळ, पळून जाणारे शिपाई आणि त्यांना शोधून आणणारे शिपाई. आपल्या भाषेत डबिंग करायचंय, आवाजाचं काम माझं. अडचण एकच. मूळ संवाद काढले की थपडाही जातात. गाल हलतो, आवाज नाही. सगळ्या थपडा नव्याने कराव्या लागणार!

५ मार्च, बुधवार

ओला टॉवेल – पचपचीत. चामडी खुर्ची – खोटी. स्वतःची मांडी – बरी, पण पातळ. क्रूर हवालदाराला आवाज देणारे काका म्हणाले, "माझा गाल घे की, भाड्याने देतो!" मी हसले नाही. म्हणजे हसले, पण ते गेल्यावर.

७ मार्च, शुक्रवार

बारक्या रजेवर आला. सक्तीची सेवा आता आपल्याकडेही आहेच – त्याचं पहिलं वर्ष चालू. आई म्हणाली, "काय रे, नुसता सापळा झालायस!" बाबा खूश. "चरबी उतरली. आता कुठे माणूस झाला." मी काहीही विचारलं की उत्तर एकच – "ठीक आहे गं ताई."

८ मार्च, शनिवार

लॅपटॉपवर त्याला एक प्रसंग दाखवला. बराकीचा आवाज तपासून हवा होता, एवढंच. तो पाहत राहिला. मग म्हणाला, "थप्पड ठीक आहे. त्याच्या आधीचं चुकलंय."

"आधी काय?"

"मारणारा घड्याळ काढून टेबलावर ठेवतो. हाताला काच लागू नये म्हणून. तो आवाज टाक. थप्पड पटकन संपते गं."

टिपून घेतलं. पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

९ मार्च, रविवार

जेवायच्या आधी बाबांनी हात धुवायला घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं. बारक्या ताडकन उभा. हात पाठीमागे. डोळे मिटलेले. गाल पुढे केलेला.

बाबा म्हणाले, "अरे... मी आहे."

नंतर आतून त्याचा आवाज आला – "बाबा, मला परत नका ना पाठवू." बाबांचा आवाज – "पळालास तर तुरुंग आहे, राजा."

मालिकेत पळालेले बहुतेक घरीच सापडतात. हे मी कशाला लिहितेय?

११ मार्च, मंगळवार

रजा संपली. बाबा त्याला बसवर सोडायला गेले. मी स्टुडिओत. बाबांचं तेच घड्याळ मागून नेलं होतं. हलकेच ठेवलं – टक्. त्यानंतरची शांतता जरा लांबवली. काका वाक्य म्हणता म्हणता अडखळले. "काढ गं ते. अंगावर येतं." नाही काढलं.

दुपारी स्टुडिओच्या दारात बाबा. मागे बारक्या, पाठीवर सॅक. बाबा एवढंच म्हणाले, "तुझ्या त्या खोलीतून बाहेर काही ऐकू जात नाही ना?"

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी दोन शिपाई घरी आले. बाबांनी सांगितलं, "मी स्वतः बसमध्ये बसवून दिला त्याला." जन्मात खोटं न बोललेला माणूस. रिकामं मनगट चोळत होते. मी कामाला निघाले. आईने डबा हातात दिला. जड होता – दोघांचा.