जाजमाचा माग

मंगळ., १३ फेब्रु. ७३
उद्या साहेब दुष्काळ बघायला येणार. दुष्काळ उभ्यानं दिसत नाही, म्हणून शाळेचं मोठं जाजम काढायला हेडसरांनी शिपाई महादूला पाठवलं. तो हात हलवत परत. जाजम नाही. कुलूप शाबूत.
पाच मिनिटांत स्टाफरूममध्ये निकाल: झुंबर. झुंबर काळे, आमचा राखणदार, पारधी. त्याला ठेवताना सरपंचच (शाळा कमिटीचे चेअरमनही तेच) म्हणाले होते, "पारधी राखणीला असला की दुसरा चोर फिरकत नाही." म्हणजे नेमणूक चोर म्हणून आणि ठपकाही चोर म्हणूनच. बढतीला वाव नाही.

गुरु., १५
साहेब आले, खुर्चीत बसले, गेले. झुंबर परवापासून पालावर नाही. हेडसर : "पळाला म्हणजे त्यानंच नेलं." मी म्हटलं, तीस फुटी जाजम लपवणार कुठं? त्याचं अख्खं पाल जाजमाच्या एका कोपऱ्यावर मावेल. सगळे हसले. मी बोललो की हसतात, आणि विषय तिथंच संपतो.

शुक्र., १६
झुंबरची बायको, बायजा, दारात. सौ. आत ये म्हणाली तरी उंबऱ्याबाहेरच.
"माग काढाया गेल्यात. राखन करनाऱ्यानं गेल्याली वस्तू हुडकून आनायची, न्हाईतर चोर दावायचा. आमच्यात तसंच हाय." शाळेमागं बैलगाडीची चाकोरी होती, एका चाकाच्या लोखंडी धावेला खाच. ती धरून गेलाय.
"पोलीसपाटलाला सांगून का नाही गेला?"
"सांगितल्यावर जाऊ देत्यात व्हय?"
खरंय. पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा उठून वीस वर्षं झाली, आमच्या पाटलाला अजून कळवायचं राहिलंय. रोज संध्याकाळी चावडीवर तोंड दाखवायचं. दोन दिवस दाखवलं नाही म्हणजे फरारी.

रवि., १८
झुंबर येत होता, त्याला पकडला. काष्टीच्या रस्त्यावर, गाढवावर जाजम. 'मुद्देमालासह'. गाव इतकं खूश की पाण्याचा टँकर आला नाही हे दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात नाही.
ठाण्याच्या जमादारांना म्हटलं, गाढवाचं तोंड आपल्या गावाकडं होतं, चोर माल परत कशाला आणेल?
"मास्तर, गाढवाचा जबाब घेता येत नाही."

सोम., १९
ठाण्यात भेटलो. भिंतीला टेकून बसलेला, ओठ सुजलेला. मला बघून उठायला लागला. बस म्हटलं.
"मास्तर, जाजम आपलंच हाय. तुमच्याकडनं दौत सांडल्याली, त्यो डाग हाय."
मिळालं कुठं, तर सरपंचांच्या मेव्हण्याच्या वस्तीवर. लग्न उरकलेलं, मांडव सोडत होते, जाजम कडेला. खाचवाली गाडीही तिथंच.
"मागितलं का नाहीस?"
"मी मागितल्यावर कोन देतंय? गुमान उचाललं."
जाजम मेव्हण्याचं म्हणावं तर यानं तिथं चोरी केली. शाळेचं म्हणावं तर शाळेत. कसंही फिरवा, चोर एकच. सुटका एकाच वाटेनं : ते तिथं नेलं कोणी, हे कोणीतरी बोललं पाहिजे.
निघताना जमादारांनी खणातून साप्ताहिकाचा जुना अंक काढला. माझा लेख. 'आमच्या शाळेत चोरी होत नाही, कारण चोर पगारावर आहे', इ. इ. गणपतीत वाचून दाखवला होता, टाळ्या पडल्या होत्या. झुंबर मागं उभा राहून हसला होता. हसेल नाही तर काय करेल.
जमादार : "तुमीच लिवलंय की मास्तर. आमी कुठं येगळं म्हणतोय?"


गुरु., २२
नवा लेख लिहिला. झालं ते सरळ, कोपरखळी न मारता. संपादक : "तुमचा हात नाही वाटत यात. ते झुंबरचे जुने किस्से द्या ना." परत घेऊन आलो.
बायजाला सांगितलं. "तवा हसायचं लिवलं तर छापलं. आता खरं लिवलं तर न्हाई?" बाईनं माझ्या वीस वर्षांच्या लेखनाचं परीक्षण एका ओळीत उरकलं.

बुध., २८
मधल्या सुट्टीत महादू कोपऱ्यात घेऊन गेला. "सर, किल्ली माझ्याकडनंच नेली. सरपंचांचा गडी गाडी घिऊन आल्ता, जाजम म्याच चढवलं. म्हनला, चार दिसांत आनून टाकतो."
पहिल्याच दिवशी का बोलला नाहीस?
"सायेब याच्या टायमाला सरपंचांचं नाव कसं घ्यावं? तवर समद्यांनी झुंबरचं घेतलं. मंग मला बी वाटलं, आसंल बा."
किल्ली यानं दिली. गाडीत जाजम यानं चढवलं. आणि तरी झुंबरनं चोरलं असं यालासुद्धा वाटलं. याच्यावर चिडायचं म्हटलं तर जमेना.
साक्ष देशील? "नोकरी जाईल, सर."

रवि., ४ मार्च
सरपंचांकडे. चहा, सुपारी. आडपडदा नाही : "नेलं की. गावचं जाजम गावच्या पाव्हण्याकडं गेलं. त्याला कुणी चोरी म्हणतं का मास्तर?"
म्हटलं, तेवढंच कोर्टात सांगा.
"आन् चार माणसांत मी जाजमचोर ठरू? त्याचं काय नुकसान आहे? त्या लोकांना तुरुंगाची सवय असती."
झुंबर आजवर एकदाही आत गेलेला नाही. हे सांगितलं. ते खरंच चकित झाले. "मग एवढी वर्षं पाटील हजेरी घेतोय ती उगीच?"
याला उत्तर असतं तर मी लेख कशाला लिहीत बसलो असतो.
दारापर्यंत सोडायला आले. "जूनमध्ये हेडमास्तरची जागा रिकामी होतीय. कमिटीपुढं तुमचंच नाव आहे." खांद्यावर हात. जड हात.

मंगळ., ६ मार्च
उद्या तालुक्याला तारीख. झुंबरला भेटून आलो. आजही बोलला, पण माझ्याकडं न बघता.
"माझा भाऊ म्हनतो, इकून टाकलं असतंस तर आज मोकळा असतास. आनाया गेलास म्हून घावलास. खरं हाय का वो, मास्तर?"
तंबाखूची पुडी पुढं केली. त्यानं घेतली नाही.
"सुटलो तर राखन नगं मला. पुन्यांदा काय गेलं तर म्या माग काढनार न्हाई. पयला पळनार."
महादू कालपासून बहिणीकडं. म्हणजे साक्षीला मी एकटा. हातात काय, तर एकानं कानात सांगितलेलं, दुसऱ्यानं चहावर.
सौ. : "हेडमास्तरीण व्हायची हौस नाही मला. आहे ती नोकरी गेली तर खायचं काय, एवढं बोला."  तिनं कोट झटकून खुंटीला लावला.
सकाळी सहाची एस.टी. झुंबरचे वकील म्हणाले, पहिला प्रश्न सोपा असेल : आरोपी कोण, तुम्ही त्याला कसे ओळखता? उत्तर एका वाक्यात, पाठ करून या. पाच कागद फाडले. राखणदार लिहावं तर सरपंचांचं ते वाक्य आठवतं. पारधी लिहावं तर पुढचं कुणी ऐकणार नाही. सहावा कागद घेतलाय. 'झुंबर काळे हा'