आधी पाणी, मग गॅस

ताई,

तुझा फोन अर्धाच ऐकू आला. बाबांचं श्वासाचं मशीन बंद करायचं का, असं डॉक्टर विचारताहेत, आणि तू म्हणालीस, "तू ये, मग ठरवू." पण समुद्रातल्या या प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टर उतरेना. वारा असा, की तू दिलेली लाल टोपीसुद्धा उडाली. ते जाऊ दे.

आज मी व्हॉल्व्ह फिरवला. इथलं सहज निघणारं तेल कधीच संपलंय, उरलेलं खडकात चिकटून बसलंय. म्हणून ते वर ढकलायला बाजूच्या विहिरीतून काही महिने पाणी दाबतात, मग गॅस, मग परत पाणी. फोरमन म्हणाला, "लेका, या विहिरीला म्हातारं माणूस समज. नुसत्या पाण्यावर भागत नाही, वाराही द्यावा लागतो." सगळे हसले. मीही हसलो.

मग विचारलं, "असं कुठवर करायचं?"

"वर काही येतंय तोवर."

"आणि येईनासं झालं की?"

"ते ठरवणारे किनाऱ्यावर असतात. आपण फक्त व्हॉल्व्ह फिरवायचा."

ताई, किनाऱ्यावर तू एकटीच आहेस, आणि तू माझ्यासाठी थांबलीयेस. माझी वाट बघू नकोस, एवढंच लिहायला बसलो होतो. पण ते वाचलंस की तू मशीन बंद करायला सांगशील. म्हणून हा कागद घडी करून खिशातच ठेवतोय. फोन लागलाच, तर मी वाऱ्याचंच बोलत बसेन.

तुझा, अजून इथेच अडकलेला,
धाकटा