पहिलं पान कोरं ठेवा

४ फेब्रुवारी

नवी नोकरी, नवी खोली, आणि खोली ऑफिसच्या डोक्यावरच. जिना उतरला की कामावर हजर! ताईने सामान वर चढवून दिलं, तोवर माझ्या हातात फडकं आलेलंच होतं. ते पाहून ती म्हणाली की वर्षभरात तू ही फरशी झिजवणार. तिच्या मते मी साबणसुद्धा धुऊन वापरते. म्हणू दे. ओटा पांढराशुभ्र आहे, खिडकीतून भरपूर ऊन येतं, आणि चिमीने आल्या आल्या आपली उशी खिडकीखाली टाकून जागा पटकावली. झोपणार माझ्याच मानेत नाक खुपसून, पण जागा मात्र स्वतःची हवी! मग माझंच फडकं पळवून तिने आपला कोपरा पुसला. पोर माझ्यावर गेली आहे.

ऑफिसात माणसं मोजकीच. मालकीणबाई, कागद बांधून देणारे काका आणि आता मी. लोकांचे करारनामे टाइप करायचे, छापायचे, बांधून द्यायचे. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

६ फेब्रुवारी

आज इथल्या कागदांवरची खूण नीट पाहिली. करारनाम्याच्या प्रत्येक पानावर अक्षरांच्या मागे फिकट वॉटरमार्क असतो. इतर ठिकाणी तिथे ‘मसुदा’ असं लिहितात किंवा कंपनीचं नाव टाकतात. इथे नुसता अंड्याच्या आकाराचा करडा डाग. मला वाटलं प्रिंटर घाण झालाय. मालकीणबाईंना विचारलं तर त्या कौतुकाने मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे एक जुनी खुर्ची आणि तिच्यामागे भिंतीवर हुबेहूब तोच डाग, तेलकट, चकाकणारा.

त्यांचे वडील अण्णा, म्हणजे ऑफिसचे मूळ मालक, जन्मभर त्या खुर्चीत भिंतीला डोकं टेकून बसले. ते गेल्यावर सगळं ऑफिस रंगवलं, तेवढा डाग सोडून. मग त्याचाच फोटो काढून पानापानावर घातला, म्हणजे अण्णांचं कामावर लक्ष राहील. लोक वडिलांचा फोटो लावतात, यांनी वडिलांच्या डोक्याचं तेल लावलंय! मी तोंडावर हसू ठेवलं. डागात कोंड्याचे कण होते. एक पांढरा केसही चिकटलेला होता.

९ फेब्रुवारी

इथला एक नियम काका रोज बजावतात. पहिलं पान गिऱ्हाइकाचं. त्यावर त्याचं नाव, फोटो, सही. तिथे खूण येता कामा नये. म्हणून फाइलमध्ये पहिल्या पानानंतर सेक्शन ब्रेक घातलेला आहे. तो छापल्यावर दिसत नाही, पण त्याच्यामुळे फाइलचे दोन वेगळे भाग होतात आणि खूण दुसऱ्या भागाच्या हेडरमध्ये, म्हणजे पानोपानी आपोआप उमटणाऱ्या मजकुरातच, राहते. काका प्रत्येक पहिलं पान उजेडात धरून पाहतात, मगच बांधायला घेतात.

मी चेष्टेने विचारलं की चुकून आलीच खूण तर काय आभाळ कोसळणार आहे का. ते म्हणाले की आधीच्या टायपिस्टच्या हातून एका शिंप्याच्या पानावर आली होती. पुढे त्याच्याकडे कुणी कपडा शिवायला टाकेना. त्याने शिवलेलं हातात धरवत नसे म्हणे. एवढं बोलून ते पुन्हा डिंकाच्या डब्यात ब्रश घोळवत बसले.

१७ फेब्रुवारी

चिमीच्या शाळेचा अर्ज करायचा होता. करारनाम्याच्या फाइलमध्ये समास आखलेले, फोटोची चौकट तयार. म्हटलं, पहिल्याच पानावर टाइप करू आणि तेवढंच छापू. पण ब्रेकमुळे मध्ये एक रिकामं पान उगाच दिसत होतं. मला असलं काही बघवत नाही. हात शिवशिवले आणि मी ब्रेक पुसून टाकला. खूण मागच्या पानांची, ती पहिल्या पानावर कशाला येईल, असा माझा समज. पण उलटंच असतं. ब्रेक गेला की त्याच्या आधीचं पान पुढच्या भागात सामील होतं आणि त्याचंच हेडर घेतं. माझा शहाणपणा मलाच नडला.

छापून निघालेल्या कागदावर चिमीच्या फोटोभोवती अण्णांचं डोकं बरोबर बसलं होतं. मला आधी हसू आलं. मग कागद फाडायला गेले तर तो फाटेना. ओल्या कातडीसारखा ताणला जात होता. शी! हात घासून घासून लाल झाले तरी खवट वास जात नाही.

१८ फेब्रुवारी

चिमीच्या उशीवर डाग. अंड्याच्या आकाराचा. तिच्या केसांना मी तेल लावतच नाही. अभ्रा उकळत्या पाण्यात टाकला. पाण्यावर पिवळी साय आली.

१९ फेब्रुवारी

धुतलेल्या अभ्र्यावर डाग परत. चिमीचं कपाळ तेलकट. पुसलं की पुन्हा पाझरतं. तिच्या पेल्यातल्या पाण्यावर तवंग, त्यात कोंडा. माझ्याच लेकराचा पापा घेताना मला श्वास रोखावा लागला. लाज वाटते लिहायला, पण किळस आली. तिला ते कळलं. ती आपलं फडकं घेऊन स्वतःचंच कपाळ घासत बसली. उद्या सकाळी पहिलं काम, त्या पानावरची खूण काढणार.

२० फेब्रुवारी

घाई केली. ब्रेक परत घातला आणि चिमीच्या पानावरची खूण काढली. पण नवा ब्रेक घातला की पुढच्या भागाचं हेडर आपोआप मागच्याशी जोडलेलं राहतं. ती जोडणी आधी तोडायला हवी होती. एका पानावरून काढली आणि सगळ्या पानांवरून गेली.

मागच्या खोलीतून मालकीणबाईंची हाक आली. भिंत कोरी. जशी काल रंगवलेली.

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो दोघी. धावत वर गेले, तर चिमी पाठमोरी बसली होती. तिच्या डोक्यामागे, केसांच्या खाली — तोच डाग. चकाकणारा. मी बोट लावलं तर बोट आत गेलं. लोण्यात जावं तसं.

२१ फेब्रुवारी

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. म्हणाले की खुणेला कुठेतरी राहावंच लागतं. सगळीकडून पुसली तर शेवटी ज्या पानावरून पुसली तिथे ज्याचं नाव असेल त्याच्यावर बसते. आता एकच उपाय. चिमीच्या पानापुढे नवं पान घ्यायचं, त्याची तिच्या पानाशी असलेली जोडणी तोडायची, आणि मग खूण त्या नव्या पानावर घालायची. पण नुसतं कोरं पान चालत नाही. त्यावर नाव लागतं.

कुणाचं, ते मी विचारलं नाही.

चिमीने दोन घास खाल्ले आणि तोंडातून केस काढला. पांढरा.

मी माझं नाव टाइप केलं.

२२ फेब्रुवारी

चिमीचं कपाळ कोरडं. केस भुरभुरीत. उशी स्वच्छ. किती तरी वेळ तिला हुंगत बसले. नुसता साबणाचा वास! रडू आलं.

ती मात्र झटकन बाजूला झाली. म्हणाली की आई, तुझ्या मानेला कसला तरी वास येतो.

२३ फेब्रुवारी

आज ती माझ्याजवळ झोपली नाही. आली, सवयीने मानेत नाक खुपसलं आणि ओकली. मग तिनेच फडक्याने पुसलं. मला हात लावू दिला नाही.

आंघोळ करते आणि टॉवेल अंगाला चिकटतो. सोलून काढावा लागतो. आरशात बघितलं — नको.

२४ फेब्रुवारी

ताईला निरोप धाडला, चिमीला घेऊन जा.

या वहीची पानंही तेलकट होत चाललीत. कालचं लिहिलेलं आजच्या पानातून दिसतं. शी, शी, शी —

मालकीणबाईंना मात्र माझी किळस येत नाही. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी. बोटं हुंगली.

२५ फेब्रुवारी

मागच्या खोलीत आहे. बाईंनी खुर्चीत बसवलं. टेकून बसा म्हणाल्या, बरं वाटेल. खरंच बरं वाटतं. भिंत गार आहे —

उठावंसं वाटत नाही. उठता येत नाही. डोकं सुटत नाही, कातडी ताणते, त्या कागदासारखी —

मांडीवर वही आहे अजून. हात आहे. मांडी कुठे —

ताई आली. जिन्यावर पावलं. चिमीची बॅग भरली असेल. एकदा बघू दे. एकदाच.

चिमी दारात आली. हाक मारली, तोंड उघडलं की नुसतं तेल — ती खुर्चीकडे बघतेय. रिकाम्या खुर्चीकडे बघतात तसं. ताईला विचारतेय की आई कुठे गेली.

नाक दाबलंय तिने. पुढे येतेय. म्हणतेय की आईला असलं बघवत नाही, ती यायच्या आत आपण भिंतीवरचा हा डाग —

माझंच फडकं. ओलं केलंय. साबणही लावलाय, शहाणी माझी — चिमी, मी — नको, डोळ्यांत —