झुनैराचा जोडा आणि तहमीनाचं माप

मॉडेल टाउन, लाहोर
जुम्मा, असरच्या नमाजानंतर

माझ्या थोरल्या (आणि सुदैवाने एकुलत्या एका) आपाजानना धाकट्या नुजहतचा आदबीने सलाम.

विनंती विशेष. इकडे आम्ही अल्लाच्या कृपेने सुखरूप आहोत, तिकडे मिसिसागाच्या बर्फात तुम्हीही सुखरूप असाल. दूल्हाभाईंचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतात ना, की अजून कपाटातच आहे? आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, जरा जास्तच छान झालं. लग्न झाल्यापासून जी कोळिष्टकं त्यांना कधी दिसली नाहीत ती आता दिसायला लागली आहेत, आणि ती मला दाखवत ते दिवसभर घरात हिंडतात.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. आपा, फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही (राग मानू नका, अम्मीही करू द्यायच्या नाहीत). शेजारचे फर्रुखसाहेब टोरांटोला निघालेत, त्यांच्या हाती पत्र आणि खताईचा डबा देतेय. आधी दोन खताया खा, वर चहा घ्या, मग पुढे वाचा. शेवटी एक मागणं आहे आणि त्यावर आमच्या तहमीनाचं लग्न अडून बसलंय, हे आत्ताच सांगून ठेवते. पण उडी मारून शेवट वाचायचा नाही, तुम्हाला अम्मीची शपथ.

तर तुमच्या झुनैराचा बारातीचा जोडा, लग्नातला तो लेहंगा-ओढणीचा साज. तुम्ही पढवून पाठवलेले प्रश्न मी गुलबर्गच्या दुकानात जाऊन एकूण एक विचारले. जरदोसी हाताची की मशीनची? तार चांगली की वर्षभरात काळी पडणारी? आधी नमुन्याचा तुकडा दाखवाल का? चित्रातला अनारी रंग आणि कापडावरचा अनारी रंग सख्खे की चुलत? अस्तर धरून की वेगळं? शिवणीत माया किती ठेवणार? विमानात हातात नेता येईल की त्याचं वेगळं तिकीट काढायचं? दुकानाच्या मालकीणबाई, मॅडम शहनीला, प्रत्येक प्रश्नाला डोळे अर्धवट मिटून एकच उत्तर द्यायच्या, ‘इन्शाअल्लाह, बाजी.’ शेवटी मी दमून विचारलं, वॉशरूम कुठे आहे? तर त्यालाही इन्शाअल्लाह.

अडलं ते मापाशी. नवरी सात समुद्रापलीकडे, माप घ्यायचं कुणाचं? मॅडम म्हणाल्या, अंगाने तशीच असलेली कुणीतरी आणा. तुम्हीच तर नेहमी म्हणता, आपा, की आपल्या दोघींच्या पोरी एका साच्यातल्या. ईदला एकमेकींचे कपडे घालायच्या. म्हणून मी तहमीनाला दवाखान्यातून ओढून नेलं. मनात धाकधूक होतीच. अम्मी म्हणायच्या ना, कुंवाऱ्या पोरीने दुसरीचा जोडा अंगाला लावला की तिचं लग्न लांबतं. पण मी म्हटलं, आमच्या पोरीचं आणखी किती लांबायचं राहिलंय?

तुम्हाला ठाऊक आहेच. पोर दातांची डॉक्टर, हात सोन्याचा, पण जिभेवर ताबा नाही. गेल्या हिवाळ्यात रावळपिंडीहून लोक बघायला आले होते. ही चहाचा ट्रे घेऊन आली, मुलाच्या आईने हसून कौतुक केलं, आणि ही त्या हसऱ्या तोंडात वाकून म्हणाली, ‘खालची डावी दाढ गेली आहे तुमची. काढावी लागेल.’ समोसे तसेच राहिले. (ह्यांनी खाल्ले, रात्री पोट धरून बसले.) त्याआधीचे किस्से सांगत नाही, तुम्ही चहा पीत असाल.

आता नीट ऐका. जोड्याची शेवटची ट्रायल होती. कोचावर एक बेगमसाहेब बसल्या होत्या, इशरत बेगम, धाकट्या मुलाच्या नवरीचा जोडा सांगायला आलेल्या. मॅडमनी सगळ्यांपुढे तिळाच्या कडक गजकाची बशी फिरवली. बेगमसाहेबांनी तुकडा तोडला मात्र, अशी किंकाळी फोडली की शिंपी मास्टरजींच्या हातून टाचण्यांची डबी सांडली. आणि आतून आमची कन्या बाहेर आली. अनारी जोडा, कमरेला टाचण्या, डोक्यावर पाच शेरांची वाटावी अशी जरीकाठाची ओढणी, तो सगळा संसार मागे फरफटत.

‘तोंड उघडा,’ म्हणाली.

‘अगं पण तू नवरी...’

‘आ करा. मोठा. अजून मोठा. मास्टरजी, मोबाइलचा टॉर्च धरा इकडे.’

आपा, मी भिंतीकडे तोंड केलं. दुसरं काय करणार? नवरीच्या साजात गुडघ्यावर बसून ती पोर परक्या बाईच्या जबड्यात डोकावत होती आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं भोवती गोळा झाली होती. ‘पोखरलीय आतून. कधीची दुखतेय आणि तुम्ही लवंग धरून बसलात ना? लवंगेने दाढ बरी होत नाही, फक्त वास येतो.’ मला वाटलं, आता ही बाई हिच्या कानफटात देणार.

बेगमसाहेबांनी तोंड मिटलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून उसासा टाकला, ‘कुणाच्या घरी चाललीय हो ही? त्या घराचं भाग्य मोठं.’

‘कुणाच्याच नाही,’ मी म्हटलं. ‘नवरी कॅनडात आहे. ही नुसती खुंटी, जोडा टांगायला.’

‘खुंटी?’ म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की दाढ दुखतेय हे त्या विसरल्याच.

दुसऱ्याच दिवशी त्या दवाखान्यात हजर, सोबत थोरला मुलगा मुनीब. कालव्यांच्या खात्यात इंजिनिअर आहे, पुराच्या पाण्यात उभं राहून बांध घातलेला माणूस. पण आईच्या तोंडाजवळ सुई दिसली आणि सरळ जमिनीवर. तहमीनाने एका खुर्चीवर आई आणि दुसऱ्या खुर्चीवर मुलगा असे दोघांना एकदम सांभाळलं. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते, ‘अम्मीची दाढ वाचली का?’ हे तिने मला त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा सांगितलं. मी भाजी चिरत होते. मी मान वर केली नाही, पण आपा, मला सगळं कळलं. रिश्ता आला, ह्यांनी चौकशी केली, घर चांगलं निघालं. आम्ही सगळे खूश आहोत, तुम्ही दुआ करा.

बाकी इकडे धुकं पडायला लागलंय, मटार स्वस्त झालेत, दूल्हाभाईंना सलाम, झुनैराला प्यार. खताई कमी पडली तर कळवा.

तुमची आज्ञाधारक बहीण,
नुजहत

ता. क. मागणं राहिलंच. मुनीब जानेवारीत दोन वर्षांसाठी बाहेरच्या मुलकात धरणाच्या कामावर जातोय. लग्न डिसेंबरात व्हायला हवं, नाहीतर दोन वर्षं थांबा. बारातीचा जोडा द्यायचा तो मुलाकडच्यांनी (झुनैराचा तुमच्या व्याह्यांनी तुमच्यावर सोपवला, ते वेगळं), आणि इशरत बेगमना तयार कपड्यातली सून घरात आणायची नाही. नवा जोडा डिसेंबरपर्यंत लाहोरात कुणी करून देत नाही (इन्शाअल्लाहसुद्धा म्हणत नाहीत). त्यांना पैसे मोजून तोच हवाय, अनारी, ज्यात त्यांनी तिला पाहिलं. झुनैराचं लग्न मार्चअखेर. तो जोडा आमच्या पोरीला द्याल का, आपा? उसना नाही, दुसरीच्या अंगावरचा उतरलेला तुमच्या लेकीला मी घालू देणार नाही. कायमचा. तिच्यासाठी आजच दुसरा सांगते. आता एक खताई खा.

ता. क. दुसरा. नाही म्हणायच्या आधी हेही वाचा. परवा व्हिडिओ कॉलवर झुनैराला उभं राहायला सांगितलं होतं. ती आमच्या पोरीपेक्षा बरीच बुटकी आहे हो. एका साच्यातल्या त्या शाळेत असताना होत्या.

ता. क. तिसरा, आणि हा दूल्हाभाईंना वाचून दाखवू नका. त्याच कॉलवर झुनैरा हळूच म्हणाली, ‘खाला, तो जोडा तहमीनाबाजींना द्याच. मला त्यात उभंसुद्धा राहता येणार नाही. मला पिस्ता रंगाचा, हलका हवाय. अम्मीला सांगायची हिंमत नाही माझी.’ आपा, दुकानदाराला विचारायचे इतके प्रश्न तुम्ही मला पढवलेत, एक लेकीलाही विचारायचा होता. तुम्हाला बोलते खरी, पण मग मीही घाबरले आणि धावत जाऊन माझ्या लेकीला विचारलं, ‘तुला तरी हाच जोडा हवाय ना गं?’ सगळ्या लाहोरला आ करायला लावणारी पोर, तिचं तोंड उघडेना. पायाच्या अंगठ्याने गालिचा उकरत राहिली. मग म्हणाली, ‘जोडा कुठलाही चालेल, अम्मी. माणूस हाच हवा.’

डिसेंबर धरू ना, आपा?